दुःख आणि श्रद्धेची वाढ

(रौप्यमहोत्सवाच्या नोव्हेनाप्रसंगी कशेळे येथे दिलेले भाषण)



उत्सवाचे दिवस आहेत. मंडप उभा राहिला आहे, पताका लागल्या आहेत, स्वयंपाकाच्या ठिकाणी माताभगिनींस उसंत नाही, आणि अशा वेळी आपल्या धर्मगुरूने उठून दुःखाविषयी बोलावे हे काहींस चमत्कारिक वाटेल. उत्सवसमितीतील एका वडील गृहस्थांनी आम्हांस तसे सुचविलेही होते. ते म्हणाले, "फादर, विषय जरा आनंदाचा घ्यावा." त्यांच्या शब्दास मान देऊन आम्ही दोन दिवस दुसरा विषय शोधला, आणि पुन्हा याच ठिकाणी येऊन पोहोचलो. कारण असे की, पंचवीस वर्षांचा हिशेब मांडावयास बसले असता या लहानशा मंडळीच्या जमेच्या बाजूस जे निःशंकपणे लिहिता येते, त्यापैकी बरेचसे अडचणीच्या दिवसांतले आहे. ते तेथे कसे आले, हे समजून न घेता नुसते नगारे वाजविणे आम्हांस बरे वाटेना.

परंतु आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुःखाने मनुष्य मोठा होतो, असे आपण सहज बोलून जातो. नेहमीच होतो काय? आमच्या सत्तावीस वर्षांच्या धर्मसेवेत दुःखाने माणूस नम्र झालेला आम्ही पाहिला आहे; तसाच तो कडू झालेला, दारूस लागलेला, भावाशी वैर धरून बसलेला आणि देवाचे नाव काढले की तोंड फिरविणाराही पाहिला आहे. दुःख दोघांवर सारखेच आले होते. तेव्हा दुःखात स्वतःची अशी काही तारक शक्ती आहे, हे म्हणणे अनुभवास धरून नाही, आणि आमच्या समजुतीप्रमाणे ते ख्रिस्ती शिक्षणासही धरून नाही.

आपल्या दारची गोष्ट पाहा. सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे, मावळात, ठोकरवाडी येथे आंध्रा नदीचे पाणी अडविलेले आहे. ते पाणी एरवी इंद्रायणीस, पुढे भीमेस व कृष्णेस मिळून पूर्वसमुद्रास जावयाचे. टाटांच्या कारखानदारांनी ते मोठ्या नळांवाटे घाटाखाली उतरविले, आणि १९२२ सालापासून भिवपुरीच्या वीजघरात त्यावर चक्रे फिरत आली आहेत. आपले काम आटोपले की तेच पाणी पेज नदीस मिळते. म्हणून वैशाखात भोवतालचे ओढे आटले तरी पेजेला पाणी असते, आणि त्याच्या आधाराने उन्हाळी भात होते. आता आषाढात याच कड्याकडे दृष्टी टाका. शेकडो ठिकाणी पाणी कोसळत असते. त्याने एकही दिवा लागत नाही. उलट माती वाहून जाते, बांध फुटतात, प्रसंगी घरेही जातात. पाणी तेच, उंची तीच, पडणेही तेच. एका ठिकाणी खाली चक्र बसविलेले आहे, एवढाच काय तो भेद.

दृष्टान्त फार ताणू नये हे आम्ही जाणतो. तरी त्यातील एक गोष्ट सोडवत नाही. पाण्याचा लोंढा सुरू झाल्यावर त्याखाली चक्र बसविता येत नाही. ते काम कोरड्या दिवसांत, पुष्कळ हातांनी, कोणाचे लक्ष नसताना करून ठेवावे लागते.

आता आम्ही स्वतःची एक चूक सांगतो. आम्हांस गुरुदीक्षा मिळून वर्ष झाले नव्हते. सेमिनरीत असताना योबाच्या ग्रंथावर आम्ही एक निबंध लिहिला होता, त्यास गुणही चांगले मिळाले होते, आणि मनुष्याच्या दुःखाविषयी जे जाणावयाचे ते आपण बहुतेक जाणले आहे अशी आमची समजूत होती. ज्या गावी आमची नेमणूक होती तेथे एका घरातील सात वर्षांची मुलगी तापाने दगावली. आम्ही गेलो. मुलीचा बाप भिंतीकडे तोंड करून बसला होता. आम्ही त्यास म्हणालो की, परमेश्वर ज्यांवर प्रीती करतो त्यांचीच परीक्षा पाहतो. सोने मुशीत पडल्यावाचून शुद्ध होत नाही. आणि तुमची लेक आता देवदूतांत आहे. तिन्ही वाक्ये त्या वेळी आम्हांस फार उत्तम वाटली. बापाने मान वर केली नाही. मुलीची आजी चुलीपाशी होती. ती उठली, आमच्यापुढे पाट ठेवला, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "फादर, तुम्ही उन्हातनं आलात. बसा. आता काही बोलू नका. माळ आहे ना खिशात?" तिने स्वतःच जपमाळ सुरू केली. आम्ही, चार भाषा आणि आठ वर्षांचे तत्त्वज्ञान शिकून आलेले, त्या निरक्षर बाईच्या मागोमाग प्रार्थना म्हणत गेलो. तिसरे रहस्य चालू असता भिंतीकडून बापाचा आवाज येऊ लागला. तो रडत होता आणि म्हणतही होता.

त्या घरातून परत येताना योबाचे मित्र आम्हांस प्रथमच समजले. ते वाईट लोक नव्हते. ते दूरवरून आले, मित्राबरोबर सात दिवस व सात रात्री जमिनीवर बसून राहिले, आणि त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचे तेवढेच बरोबर होते. आठव्या दिवशी ते समजावून सांगू लागले, आणि त्यांचे सर्व बिघडले. शेवटी परमेश्वराने दोष दिला तो ओरडणाऱ्या योबाला नव्हे, देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांना. धर्मगुरूंनी हा ग्रंथ वर्षातून एकदा तरी वाचावा, असे आमचे मत आहे. प्रापंचिकांनी नाही वाचला तरी चालेल. त्यांना बहुधा तो ठाऊक असतो.

दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ सांगण्याचा अधिकार आपणांस नाही, ही गोष्ट आम्ही पुन्हा एकदा शिकलो ती आपल्याच शेजारी, खालापूर तालुक्यात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या अंगाची दरड इर्शाळवाडीवर कोसळली. ठाकर बांधवांची ती वस्ती होती. लोक झोपेत होते, पाऊस थांबत नव्हता, वर जावयास गाडीरस्ता नव्हता, यंत्रे नेता येईनात. फावडी व कुदळी घेऊन माणसे चढली. चढत असतानाच नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्यास वाटेत मृत्यू आला. सत्तावीस मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोध थांबविला तेव्हा सत्तावन्न माणसे मातीखालीच राहिली होती. आम्हीही चार मंडळींसह चौकपर्यंत गेलो होतो. गर्दी वाढू नये म्हणून पुढे जाऊ दिले नाही, आणि ते योग्यच होते. तेथे आमच्याबरोबरच्या एका तरुणाने विचारले, "फादर, या लोकांनी असे काय केले होते?"

प्रश्न नवा नाही. प्रभू येशूच्या काळी यरुशलेमात सिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली होती. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात ही हकिगत आहे. ती अठरा माणसे इतर नगरवासीयांहून अधिक पापी होती काय, हा लोकांच्या मनातील प्रश्न प्रभूने स्वतःच उघड केला, आणि त्यास स्वच्छ नकारार्थी उत्तर दिले. जन्मांधाच्या बाबतीतही शिष्यांनी पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, असे विचारले, तेव्हाही प्रभूने दोन्ही पक्ष नाकारले. जगातील पुष्कळशी क्रूरता या एका प्रश्नातून जन्मास येते. विधवेस अपशकुनी ठरविणारे, कुष्ठरोग्यास वेशीबाहेर घालविणारे, मूल न झालेल्या बाईस टोचून बोलणारे, सर्व याच प्रश्नाचे उत्तर हाती घेऊन फिरत असतात. प्रभूने ते उत्तर त्यांच्या हातून काढून घेतले, आणि तोच प्रश्न विचारणाऱ्यांच्या जीविताकडे वळविला. इर्शाळवाडीच्या लोकांनी काय केले होते, हे विचारण्याचा हक्क आम्हांस नाही. डोंगराच्या पोटाशी राहणाऱ्या इतर वाड्यांसाठी आम्ही काय केले आहे, हे मात्र आम्हांस विचारले जाईल.

याच संबंधात आणखी एक सांगणे अवश्य आहे. पावसाळा सरला की आपल्या भोवतालची कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, आणि हंगाम संपला तरी पुष्कळांची उचल फिटत नाही. अशा माणसास सहनशीलतेवर प्रवचन देणे हे पाप आहे, असे आम्ही या वेदीसमोर उभे राहून म्हणतो. प्रभूने आपला क्रूस उचलून मागे येण्यास सांगितले, ते आपापल्या क्रुसाविषयी. शेजाऱ्याच्या खांद्यावर आपण क्रूस ठेवावा आणि मग त्यास उचलण्याचे माहात्म्य सांगावे, अशी आज्ञा कोठेही नाही. माणसांनी लादलेले ओझे माणसांनीच उतरविले पाहिजे. प्रभू स्वतःही दुःखाचा भोक्ता नव्हता. गेथसेमनीच्या बागेत त्याने हा पेला टळावा म्हणून पित्यास विनविले. वधस्तंभावर टाकल्याचा आक्रोश केला. आणि वाटेत शक्ती संपली तेव्हा शेतातून येणाऱ्या सिमोन कुरेनेकराने क्रूस उचलला, तो त्याने उचलू दिला. देवाच्या पुत्रास दुसऱ्याचा खांदा चालला. आम्हांस मात्र कोणाचा उपकार नको असतो!

आता ज्यांच्याविषयी आज मुख्यत्वे बोलावयाचे ठरविले होते, त्या आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांच्याकडे वळू. आपणांपैकी जी कुटुंबे वसईकडून येथे आली त्यांस हे नाव घरचे आहे. गास येथे त्यांच्या नावाचे देवालय आहे. इतरांनीही त्यांस आपले म्हणावे, कारण भारतात जन्मलेल्यांपैकी संतपदास पोहोचलेले ते पहिले कॅथलिक. सर्वसाधारणपणे त्यांचे चरित्र सांगताना आपण जपानच्या क्रुसावर उडी घेतो. मधली पंचवीस वर्षे कोणी पाहत नाही. आणि आमच्या मते जे शिकण्यासारखे आहे ते तेथेच आहे.

१५५७ च्या सुमारास वसईस त्यांचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज शिपाई, आई वसईचीच. असा मुलगा दोन्ही घरचा नसतो. राज्यकर्ते त्यास पूर्ण आपला मानीत नाहीत, गावही मानीत नाही. येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशी तो शिकला, आणि पंधराएक वर्षांचा असता त्यांच्याबरोबर जपानास गेला. तेथील भाषा त्याने इतकी आत्मसात केली की लोक त्याचे बोलणे ऐकत राहत. वर्षानुवर्षे त्याने धर्मशिक्षकाचे काम केले. मनात एकच इच्छा, संघात प्रवेश मिळावा. त्याने अर्ज केला. प्रवेश मिळाला नाही. बंधुभगिनींनो, ज्या घरात आपण वाढलो, ज्याची चाकरी तारुण्यभर केली, त्या घराने उंबऱ्याबाहेर ठेवावे, हे दुःख शत्रूच्या तलवारीहून वेगळे आहे. तलवारीस निदान हौतात्म्याचे तेज असते. येथे नुसती मान खाली घालून निघून जावयाचे असते.

गोन्सालो निघून गेले. ते व्यापारी झाले, आणि चांगले व्यापारी झाले. पूर्वेच्या बंदरांतून त्यांचा माल फिरू लागला, पैसा आला. येथे त्यांची कथा संपली असती तर कोणी दोष दिला नसता. देवळात मानाचे आसन असलेला, सणास देणगी देणारा, आणि धर्मगुरूंची गोष्ट निघाली की ओठ किंचित मुरडणारा असा एक सुखी गृहस्थ झाला असता. अशी माणसे आम्ही पाहिली आहेत. कित्येकदा दोष आम्हां धर्मगुरूंचाच असतो. परंतु गोन्सालो यांनी अपमान जपून ठेवला नाही. मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधूंच्या सहवासात आले, व्यापार सोडला, आणि त्या संघात सामान्य बंधू म्हणून प्रविष्ट झाले. धर्मगुरू म्हणून नव्हे. सेवक बंधू म्हणून. जी भाषा ते शिकले होते ती वाया गेली नाही. १५९३ मध्ये फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे वकील म्हणून धाडले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो यांचीच निवड झाली. ज्या देशातून ते उदास होऊन गेले होते तेथे ते अनवाणी परत आले. क्योटो नगरात या मंडळींनी देवालय व इस्पितळे उभारली. तेथे महारोग्यांची शुश्रूषा होत असे.

पुढची हकिगत परिचित आहे. १५९६ च्या शरद ऋतूत सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास फुटले, त्यावरील मालावरून तंटा माजला, संशय वाढला, आणि हिदेयोशीने या धर्मप्रचारकांस क्रुसावर देण्याचा हुकूम सोडला. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांस गाड्यांतून शहरभर फिरविले, आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी एका टेकडीवर सव्वीस जणांस वधस्तंभावर बांधून भाल्यांनी मारले. त्यांत बहुतेक जपानी प्रापंचिक होते, तीन तर बारा ते चौदा वर्षांची मुले होती. आणि ज्या येशूसंघात गोन्सालो यांस प्रवेश मिळाला नव्हता, त्या संघाचेही तिघे त्याच रांगेत होते. टेकडीवर कोण कोणत्या संघाचा, कोणास घेतले आणि कोणास नाही, हे विचारण्यास कोणी उरले नाही. पोप पायस नववे यांनी ८ जून १८६२ रोजी या सव्वीसांस संत म्हणून जाहीर केले.

हौतात्म्य एका सकाळी आले. त्याची तयारी मात्र नकार मिळाल्यानंतरच्या त्या निनावी वर्षांत झाली, असे आम्हांस वाटते. आधी सांगितलेले चक्र बसविण्याचे कोरडे दिवस, ते हेच.

या टेकडीखालच्या नगराची कथा पुढेही चालू राहते, आणि ती आपल्यासारख्या दूरच्या खेड्यातील मंडळीने अवश्य ऐकावी. १६१४ मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मास पूर्ण बंदी झाली. धर्मगुरू हाकलले गेले, जे लपून राहिले ते मारले गेले. १६४४ नंतर त्या देशात एकही धर्मगुरू उरला नाही. देवालय नाही, मिस्सा नाही, पापनिवेदन नाही. घरात क्रूस सापडला तर मरण. असे दोनशेहून अधिक वर्षे चालले. १८६५ च्या आरंभी नागासाकीत परकीयांसाठी एक देवालय बांधून पुरे झाले. त्यास याच सव्वीस हुतात्म्यांचे नाव दिले होते. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही शेतकरी त्याच्या दाराशी आले. फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ प्रार्थना करीत होते. त्यांतील एका बाईने जवळ येऊन हळूच सांगितले की आमची सर्वांची अंतःकरणे आपल्यासारखीच आहेत, आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे ते विचारले. सात पिढ्या धर्मगुरूचे तोंड न पाहिलेले ते ख्रिस्ती होते. त्यांच्यात एक जण बाळांस बाप्तिस्मा देई, एक जण सणांची गणना ठेवी, आणि प्रार्थना आया मुलांच्या कानांत सांगत. त्यानंतरही त्यांचा छळ संपला नाही. १८७३ पर्यंत हजारो लोक हद्दपारीत खितपत पडले. आणि त्या उराकामीच्या लोकांनी पुढे उभारलेले भव्य मंदिर ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबने जमीनदोस्त केले. आज ते पुन्हा उभे आहे.

वसईत हा प्रसंग इतका भीषण नव्हता, पण जातीने तोच होता. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर युरोपीय धर्मगुरू गेले, किल्ल्यातील उंच मंदिरे ओस पडली. त्यांच्या भिंती आजही आपण सहलीस जाऊन पाहतो. पोर्तुगीज सत्ता गेली याचे दुःख करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. तिच्या हातून धर्माच्या नावाखाली जे जुलूम झाले त्यांचा डाग आपणांस अजून पुसावा लागतो. पण राजाश्रय काढून घेतल्यावर हा धर्म वाळून जाईल, असे त्या वेळी कोणासही वाटले असते. तो वाळला नाही. थोडे देशी धर्मगुरू राहिले, आणि पुष्कळ आज्या राहिल्या. १७६० च्या सुमारास आंकेतिल द्यु पेरों नावाचा फ्रेंच प्रवासी साष्टीतून गेला, तेव्हा त्यास देशी धर्मगुरूंच्या हातून थाटाने चाललेले सण दिसले. वसईत तर पुढे १९९८ साली स्वतंत्र धर्मप्रांत झाला. राजाने दिलेली मंदिरे पडली. भंडारी, कोळी, कुपारी यांच्या घरांतील सांजेची प्रार्थना राहिली.

मंगळूरकडील बांधवांस टिपूने १७८४ मध्ये श्रीरंगपट्टणास बंदिवासात नेले, तेथे पंधरा वर्षे त्यांस आधार होता तो फादर स्टीफन्सच्या मराठी क्रिस्तपुराणाच्या पठणाचा, अशी आठवण त्यांच्यात सांगितली जाते. आमच्या या भाषेविषयी कोणास कमीपणा वाटत असेल तर त्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आणि आणखी एक, थोडे विषयांतर करून. आपल्या कित्येकांच्या घरी 'निरोप्या' मासिक वाचले गेले आहे. ते १९०३ मध्ये अहमदनगराकडील केंदळ येथे सुरू करणारे फादर डोरिंग हे जर्मन येशूसंघीय. पुढे ते पुण्याचे बिशप झाले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा ते युरोपात होते. जर्मन म्हणून ब्रिटिश सरकारने त्यांस परत येऊ दिले नाही. मेंढरे येथे आणि मेंढपाळ तेथे! तेरा वर्षे. या काळात पोप महाराजांनी त्यांस जपानात हिरोशिमास धाडले, आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्यास आले. इतकी वर्षे दूर राहिलेल्या त्या मनुष्याने परत येऊन मराठीतच काम चालविले, यात आम्हांस गोन्सालो यांची एक दूरची छटा दिसते.

आता आपल्या घरची गोष्ट. ती सांगताना आम्हांस थोडा संकोच होतो, कारण तीत आमची फारशी शोभा नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे मंदिराची दारे बंद करावी लागली. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस, जे आता परलोकवासी झाले आहेत, पावसात ओल्या, रिकाम्या चौकात एकटे उभे राहून प्रार्थना करीत होते, ते दृश्य आपण सर्वांनी पाहिले. येथे आम्हीही एकटेच होतो. रिकाम्या बाकांसमोर मिस्सा म्हणताना पहिल्या आठवड्यात आमच्या अंगी उत्साह होता. जूनपर्यंत तो सरला. एके दिवशी तर पुस्तक उघडले आणि शब्द पुढे जाईनात. बाप्तिस्मे थांबले, लग्ने पुढे गेली, आणि दोन वृद्धांची अंत्यविधीची प्रार्थना आम्हांस कर्जतच्या रस्त्यावर उभे राहून दुरूनच म्हणावी लागली. आपल्या धर्मसेवेचा आता कोणास काय उपयोग, असा विचार मनात आला, आणि तो लगेच गेला नाही.

त्या दिवसांत पहाटे मंदिराच्या पायरीवर पानात बांधलेली टाकळ्याची जुडी ठेवलेली दिसू लागली. आठवड्यातून दोनदा, तीनदा. पुष्कळ दिवस कोणी ठेवते ते कळले नाही. शेवटी एकदा आम्ही लवकर उठून पाहिले. नदीपलीकडच्या वाडीतील कातकरी बाई होती. ती ख्रिस्ती नव्हे. तिच्या घरी त्या वर्षी कामधंदा नव्हता, हे आम्हांस ठाऊक होते, कारण मंडळीच्या वतीने तांदूळ वाटले त्या यादीत तिचे नाव होते. आम्ही विचारले, हे कशाला आणतेस? ती म्हणाली, "तुम्ही एकले हाय ना." आणि गेली. आम्ही देणारे आणि ती घेणारी, असे यादीत स्पष्ट लिहिलेले होते.

त्याच सुमारास, आमच्या सांगण्यावाचून, घरोघर सायंकाळी सात वाजता प्रार्थना सुरू झाली होती. एका घरी आजोबा, एका घरी दहावीची मुलगी, तर एका घरी, जेथे आम्ही कधीही अपेक्षा केली नसती, तेथील गवंडीकाम करणारा बाप पुढे होऊन जपमाळ म्हणत असे. सर्वच घरी असे झाले, असे सांगितले तर खोटे होईल. १६ नोव्हेंबर २०२० रोजी दारे उघडली, पुढील उन्हाळ्यात पुन्हा बंद झाली, ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. तोपर्यंत काही घरे सुटली होती ती सुटलीच. त्यांतील एकदोघांनी आपली माणसे गमावली होती. आम्ही त्यांच्याकडे जातो, बसतो. पहिल्या भेटीत जे बोलावयाचे नाही ते आता आम्हांस येते.

संत पौलाच्या देहात काही एक काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीन वेळा विनंती केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी होईल, एवढे आश्वासन मिळाले. तो काटा कोणता होता याविषयी विद्वानांनी पुष्कळ तर्क केले आहेत. सेमिनरीत आम्हीही केले. पौलाने त्याचे नाव लिहून ठेवले नाही हे बरेच झाले. त्यामुळे प्रत्येकास तेथे आपला काटा ठेवता येतो.

उद्याच्या कार्यक्रमाविषयी दोन शब्द सांगून आटोपतो. महोत्सवाच्या दिवशी बिशप महाराज येतील, सत्कार होतील. या पंचवीस वर्षांत ज्यांनी ओटीवर, गोठ्याच्या पडवीत, पुढे पत्र्याच्या शेडमध्ये मिस्सेला जागा दिली, त्यांची नावे वाचावयाची आहेत. ज्यांस आठवत असतील त्यांनी आज रात्रीपर्यंत समितीकडे द्यावीत. पायरीवर भाजी ठेवणाऱ्या बाईस आम्ही जेवणास बोलाविले आहे. ती येईल की नाही सांगवत नाही. आली तर तिला पंगतीत मध्ये बसवावे, कडेला नव्हे. आणि आता जपमाळ सुरू होईल. दुःखाची रहस्ये आहेत. पहिले रहस्य आज शेवटच्या बाकावरील मंडळींनी म्हणावे. बाहेर पाऊस वाढला आहे आणि पायऱ्या शेवाळल्या आहेत, तेव्हा निघताना म्हाताऱ्या माणसांस हात द्यावा.